विनंतीची वाटणी आणि स्मृतीचा प्रश्न : अपाची-टॉमकॅट जोडणीचा इतिहास

महाजालावरील एकाच नावामागे अनेक सर्व्हर राबत असतात. आलेली विनंती त्यांपैकी कोणाकडे धाडावी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ भार वाटून देण्याचा वाटतो. परंतु या व्यवस्थेचा इतिहास तपासला असता, भारापेक्षा स्मृतीची अडचण अधिक बिकट ठरली, असे दिसून येते.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या संस्थेने १९९४ साली एकाच नावाला अनेक संगणकांचे पत्ते जोडले आणि डीएनएसकरवी ते पाळीपाळीने देण्याची सोय केली. हे सर्व संगणक एकाच सामायिक भांडारातून फाइली वाचीत. म्हणून विनंती कोठेही गेली तरी उत्तर तेच मिळे. वाटेतील यंत्रणा एकदा मिळालेला पत्ता काही काळ जपून ठेवीत, त्यामुळे वाटणी असमान होई. पण चुकीचे उत्तर मिळण्याचे भय नव्हते.

पुढे परिस्थिती पालटली. एचटीटीपी हा संकेत मुळात पूर्वीच्या विनंतीचे स्मरण ठेवीत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी नेटस्केपमधील लू माँटुली यांनी १९९४ मध्येच कुकीची योजना केली. कुकीतील क्रमांकावरून सर्व्हर ग्राहकास ओळखू लागला. परंतु त्या ग्राहकाची माहिती, म्हणजे त्याचे सत्र, एकाच सर्व्हरच्या स्मृतीत राहू लागली. दुसरी विनंती शेजारच्या सर्व्हरकडे गेली, तर तेथे तो ग्राहक अनोळखीच ठरे.

सन कंपनीने १९९९ साली अपाची संस्थेस दिलेल्या टॉमकॅटच्या बाबतीत हा प्रश्न प्रकर्षाने पुढे आला. दर्शनी बाजूस अपाची व मागे अनेक टॉमकॅट अशी रचना रूढ झाली. दोहोंमधील व्यवहार एजेपी या संकेताने चाले व अपाचीच्या बाजूने तो मॉड-जेके हा घटक पाही. प्रत्येक टॉमकॅटला ‘जेव्हीएम-रूट’ नावाची खूण दिली जाई. ती सत्रक्रमांकाच्या शेवटी बिंदूनंतर जोडली जाई. ती वाचून अपाची पुढील विनंती त्याच टॉमकॅटकडे पाठवी. ही खूण आणि मॉड-जेकेच्या यादीतील नाव यांत एका अक्षराचा फरक पडला, तरी विनंत्या भलतीकडे जात आणि ग्राहकास पुनःपुन्हा प्रवेश करावा लागे. डिसेंबर २००५ मधील अपाची २.२ या आवृत्तीत वाटणीची हीच सोय मूळ वितरणात आली.

तथापि या उपायाने स्मृती सुरक्षित झाली नाही. तो टॉमकॅट बंद पडताच त्याच्याजवळील सत्रेही नष्ट होत. म्हणून सत्रांच्या प्रती समूहातील इतर सर्व्हरांकडे ठेवण्याची पद्धत आली. प्रत्येकाने प्रत्येकास प्रत द्यावयाची, ही रीत लहान समूहास मानवते. समूह वाढला की प्रती पाठविण्याचाच भार होतो. त्यामुळे एकाच साथीदाराकडे प्रत ठेवणारी दुसरी रीतही टॉमकॅटमध्ये आहे.

या रचनेत आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली होती : एजेपीने बोलणारा आपलाच द्वारपाल आहे, असे टॉमकॅट मानी. २०२० साली ‘घोस्टकॅट’ या नावाने उघड झालेल्या दोषाने हे गृहीत धोक्याचे ठरविले. एजेपीचे द्वार बाहेर खुले राहिल्यास परक्यालाही अनुप्रयोगातील फाइली वाचता येत. त्यानंतर टॉमकॅटने ते द्वार मूळ मांडणीत बंद ठेवले आणि उघडताना गुप्त शब्द आवश्यक केला.

सारांश, विनंत्या वाटून देण्याची युक्ती लवकर साधली. कोणाची आठवण कोठे ठेवावी आणि कोणावर विश्वास ठेवावा, हे ठरविण्यास मात्र दीर्घ काळ लागला.