मेंदूतील रिसेप्टरचा एक घटक नसेल तर काय होते?

मुलाला वारंवार फिट्स येतात म्हणून जनुकीय तपासणी केली आणि अहवालात गाबा-ए रिसेप्टरच्या एखाद्या जनुकात दोष आढळला, तर पालक पहिल्यांदा विचारतात, ‘मग औषध काम करणार कशावर?’

गाबा हे मेंदूचा ब्रेक दाबणारे रसायन. ते पेशीवरील ज्या प्रथिनावर बसते तो गाबा-ए रिसेप्टर. त्यात पाच घटक गोलाकार जोडलेले असतात आणि मधून क्लोराइडची वाट असते. असे घटक बनवणारी १९ जनुके माणसात आहेत. दोन अल्फा, दोन बीटा आणि एक गॅमा-२ ही जोडणी सर्वांत जास्त आढळते.

एक जनुक काढले की तेवढीच जागा रिकामी राहते, असे होत नाही. उंदरांवरील प्रयोगांत अल्फा-१ चे जनुक काढल्यावर मेंदूतील सुमारे निम्मे रिसेप्टर कमी झाले, तरी उंदीर जगले, कारण अल्फा-२ आणि अल्फा-३ चे प्रमाण वाढले. डेल्टा काढल्यावर त्याच्या जागी गॅमा-२ जोडला गेला. अल्फा-६ काढल्यावर मात्र लहान मेंदूतला डेल्टाही नाहीसा झाला. डेल्टाचे जनुक शाबूत होते, पण जोडीदाराशिवाय ते प्रथिन टिकेना. म्हणजे भरपाई होते, पण हवी तशी होईलच असे नाही. गॅमा-२ पूर्ण काढलेली बहुतेक पिल्ले तर जन्मानंतर काही दिवसांतच दगावली.

या प्रयोगांनी घाबरू नका. माणसात बहुधा जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडलेली असते. गॅमा-२ मधील दोष आणि फिट्स यांचा संबंध २००१ मध्ये समोर आला. तेव्हापासून दिसते की एकाच घरात, त्याच दोषामुळे, एकाला लहानपणी फक्त तापात फिट येते आणि दुसऱ्याला एपिलेप्सी राहते. म्हणून केवळ अहवाल वाचून मुलाचे भविष्य ठरवू नये. अँजेलमन सिंड्रोममध्ये १५ व्या गुणसूत्राचा तुकडा गळालेला असेल, तर त्यासोबत बीटा-३ चे जनुकही जाते. या मुलांच्या फिट्स सहसा जास्त त्रासदायक असतात.

आता औषध. मिडाझोलामचा नाकातला स्प्रे अल्फा आणि गॅमा यांच्या सांध्यावर बसतो. एक प्रत चांगली असेल तर असे सांधे तयार होतातच, त्यामुळे स्प्रे सहसा उपयोगी पडतो. पण फिट लांबली की पेशी हे रिसेप्टर आत ओढून घेते आणि औषधाचा जोर कमी पडतो. म्हणून कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत स्प्रे द्या आणि १०८ ला फोन करा.

मोरव्याहून भाईंदर स्टेशन गाठून लोकलने परळच्या वाडिया रुग्णालयात जाणाऱ्यांनी स्प्रे आणि मात्रेची चिठ्ठी हाताशी ठेवावी, सामानाच्या तळाशी नको. अहवाल आला म्हणून रोजच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. पुढच्या गरोदरपणाचा विचार असेल तर त्याआधी आई-वडिलांचीही तपासणी करून घ्या: दोष घरातून आला की मुलातच नव्याने झाला, हे त्यातून कळते.