कोचिनील कीटक आणि निवडुंग

हेमिप्टेरा गणाच्या डॅक्टिलोपिइडी कुलातील खवले कीटक. हे मूळचे अमेरिका खंडातील असून केवळ निवडुंगाच्या कुलातील वनस्पतींवर उपजीविका करतात. मादी बिनपंखी असते. ती सोंड निवडुंगाच्या मांसल खोडात खुपसून एकाच जागी रस शोषीत राहते व कापसासारख्या पांढऱ्या मेणाने स्वतःला झाकून घेते. नर लहान, पंखयुक्त व अल्पायुषी असतो. मादीच्या शरीरातील कार्मिनिक अम्ल या तांबड्या द्रव्यामुळे मुंग्यांसारख्या भक्षकांपासून तिचे संरक्षण होते. याच द्रव्यापासून किरमिजी रंग मिळतो.

मेक्सिको व पेरू येथील लोक हा रंग प्राचीन काळापासून वापरीत. १५२१ मध्ये मेक्सिको जिंकल्यावर स्पेनने त्याचा व्यापार आपल्या हाती ठेवला. एक किलोग्रॅम वाळलेल्या मालास सु. दीड लाख कीटक लागत. या मौल्यवान रंगाचे उत्पादन भारतात करण्याच्या हेतूने १७९५ मध्ये ब्राझीलहून कीटक आणण्यात आले. परंतु ते उत्तम रंग देणाऱ्या डॅक्टिलोपियस कॉकस या जातीचे नसून डॅ. सिलोनिकस या जातीचे होते. त्यांच्यापासून मिळणारा रंग निकृष्ट ठरला. मात्र ओपन्शिया मोनॅकँथा या निवडुंगाचा त्यांनी झपाट्याने नाश केला. हे लक्षात आल्यावर १८३६–३८ या काळात ते दक्षिण भारतात व पुढे सु. १८६५ मध्ये श्रीलंकेत निवडुंग नष्ट करण्याच्या हेतूनेच नेण्यात आले. कीटकांद्वारे तणाचे नियंत्रण करण्याचे हे जगातील पहिले यशस्वी उदाहरण मानले जाते.

महाराष्ट्रात कुंपणासाठी लावला जाणारा फड्या निवडुंग (ओ. डिलेनाय) मात्र या कीटकास दाद देईना. दख्खनमध्ये कुंपणाबाहेर पसरून त्याने गायराने व पडीक जमिनी व्यापल्या. १९२६ मध्ये श्रीलंकेतून डॅ. ओपन्शी ही दुसरी जाती भारतात आणल्यावर त्याचा प्रसार आटोक्यात आला. एकाच वंशातील दोन जातींमध्येही अन्नवनस्पतीची निवड किती काटेकोर असते, हे यावरून दिसते.

ऑस्ट्रेलियात १९२५ पर्यंत निवडुंगाने सु. २.४ कोटी हेक्टर जमीन व्यापली होती आणि अनेक शेतकऱ्यांना आपली शेते सोडून जावे लागले होते. त्या वर्षी अर्जेंटिनातून कॅक्टोब्लास्टिस कॅक्टोरम या पतंगाची अंडी आणण्यात आली. त्याच्या अळ्या खोडात शिरून ते आतून पोखरतात. १९३३ पर्यंत क्वीन्सलँडमधील बहुतेक दाट रानांचा नाश झाला. तेथील बूनार्गा या गावी १९३६ मध्ये या कीटकाच्या नावाने स्मारक-सभागृह उभारण्यात आले.

या घटनांमागील कारण एकच आहे. मूळ प्रदेशात निवडुंगाच्या वाढीवर कीटकांचा सतत अंकुश असतो. परदेशी नेताना वनस्पती गेली, कीटक मागे राहिले. त्यामुळे तिची वाढ अनिर्बंध झाली. नियंत्रणासाठी आणलेल्या कीटकांनाही तेथे त्यांचे मूळ शत्रू भेटले नाहीत, म्हणून त्यांची संख्या वेगाने वाढली.

ही उपाययोजना सर्वत्र निर्धोक नाही. १९५७ मध्ये कॅरिबियन बेटांवर सोडलेला हाच पतंग १९८९ मध्ये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील फ्लॉरिडात आढळला व तेथील देशी निवडुंगांना धोका निर्माण झाला. मेक्सिकोत निवडुंग हे अन्न व चारा देणारे पीक असल्याने २००६ मध्ये तेथील एका बेटावर पतंग दिसताच त्याचे निर्मूलन हाती घ्यावे लागले. ऑस्ट्रेलियात उपकारक ठरलेली पतंगाची तीच भूक येथे हानिकारक ठरली. म्हणून कोणताही कीटक नव्या प्रदेशात सोडण्यापूर्वी त्याची जाती अचूक ओळखणे, तो कोणत्या वनस्पतींवर जगतो हे प्रयोगाने तपासणे आणि शेजारच्या प्रदेशांतील वनस्पतींचाही विचार करणे आवश्यक ठरते.