वुमकर म्हणजे कोण? हवाई सैनिकांच्या थडग्यांच्या नोंदी शोधताना

मागच्या पोस्टनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "विषय कसा सापडतो?" खरं सांगायचं तर मला विषय सापडला नाही, मी त्याच्यावर अडखळलो. आज तीच गोष्ट सांगतो, कारण त्यात माझी एक ढोबळ चूकही आहे आणि ती तुम्ही करू नये असं वाटतं.

माझं पीएचडीचं काम उपग्रहचित्रांवरून जमीनवापरातले बदल मोजण्याचं. एमएस्सी भूशास्त्रात, त्यामुळे इतिहास हा माझा प्रांत नाही. कल्याण-अंबरनाथ पट्ट्याची चित्रं बघत बसलो होतो. इमारती, वीटभट्ट्या, खाणी आणि मग मध्येच एक मोठ्ठा रिकामा तुकडा. त्यात सरळ रेषा. निसर्गात इतकी सरळ रेषा नसते, हे भूशास्त्रवाल्याला पहिल्या वर्षीच शिकवतात. ती होती नेवाळीची धावपट्टी.

डोंबिवलीकरांना नेवाळी नाका माहीत असतो तो मलंगगडाला जाताना किंवा काटई-बदलापूर रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर. तिथे विमानतळ होता हे घरी विचारलं तर कुणालाच नक्की सांगता येईना. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी तिथल्या गावांची जमीन घेऊन ही धावपट्टी बांधली. त्याच काळात शेजारी लष्कराची मोठी छावणी होती, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर तिथल्या बराकींमध्ये सिंधी निर्वासितांना ठेवलं आणि 1949 मध्ये तिचं उल्हासनगर झालं. आजही लोक "कॅम्प नंबर चार" वगैरे म्हणतात ते त्यामुळेच. म्हणजे आपण रोज लोकलमधून ज्या पट्ट्यातून जातो तो ऐंशी वर्षांपूर्वी युद्धाचा मागचा अंगण होता.

मग साहजिकच डोक्यात आलं, जिथे विमानं उतरतात तिथे अपघातही होतात. आजार तर होताच. मग इथे मेलेले हवाई सैनिक कुठे आहेत?

इथे माझी चूक. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची नोंदसूची सगळ्यांना खुली आहे, सुमारे 17 लाख नावं. मी शोधाच्या खिडकीत "कल्याण" टाकलं, हवाई दल निवडलं, एंटर मारलं. काही नाही. "ठाणे" टाकलं. काही नाही. मी वहीत चक्क लिहून ठेवलं की या भागात हवाई सैनिकांचे मृत्यू आढळत नाहीत. आमच्या विभागातल्या एका सीनिअरने ती ओळ वाचली आणि फक्त एवढंच विचारलं, "ही यादी कशाची आहे? मेलेल्या जागांची की पुरलेल्या जागांची?"

उत्तर अर्थातच दुसरं. नोंद लावली जाते ती दफनभूमीच्या किंवा स्मारकाच्या नावाखाली. माणूस कुठे मेला हे त्यात बहुतेकदा नसतंच. आणि दफनभूमीसुद्धा कायमची नसते. पश्चिम आणि मध्य भारतात जिथे थडग्यांची कायम देखभाल होईल अशी खात्री नव्हती, तिथली दुसऱ्या महायुद्धातली थडगी उचलून पुण्याजवळ खडकीच्या युद्ध दफनभूमीत आणली गेली. तिथे आज दुसऱ्या महायुद्धातली 1,668 थडगी आहेत. पहिल्या महायुद्धातल्यांचं तर त्याहून गुंतागुंतीचं आहे. मुंबईत शिवडीच्या कब्रस्तानात पुरलेल्या 629 जणांचे अवशेष जून 1962 मध्ये खडकीला हलवले आणि त्यांची नावं तिथल्या 1914-1918 स्मारकावर आली. म्हणजे मुंबईत मेलेला माणूस आज पुण्याच्या यादीत सापडतो. मुंबईत शोधलं तर शून्य.

तेव्हा पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवा: शून्य निकाल म्हणजे शून्य माणसं नव्हेत. तुमचा प्रश्न आणि यादीचा प्रश्न वेगळा असू शकतो. तुम्ही रसायनशास्त्रात असा की मराठी वाङ्मयात, डेटाबेस कुणी, कशासाठी बनवला हे आधी वाचायचं. मी वाचलं नव्हतं.

मग मी त्या कमिशनबद्दलच वाचायला घेतलं. ते 1917 मध्ये स्थापन झालं तेव्हा नाव होतं इंपीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन, 1960 मध्ये "इंपीरियल" जाऊन "कॉमनवेल्थ" आलं. त्यामागचा माणूस फेबियन वेअर. त्याचे नियम तेव्हा फार धाडसी होते. मृतदेह मायदेशी न्यायचे नाहीत. जनरल असो की शिपाई, शिळा सारखीच. शिळेच्या तळाशी कुटुंबाला आपली एक ओळ कोरून घेता येई, पहिल्या महायुद्धात तिला जास्तीत जास्त 66 अक्षरांची मर्यादा होती. 66 अक्षरांत मुलगा बसवायचा. आपल्याला सारांश 250 शब्दांत बसत नाही म्हणून आपण कुरकुरतो.

हे वाचताना मला भेटले श्रीकृष्ण वेलिंगकर.

वेलिंगकर म्हटलं की आपल्याला माटुंग्याचं कॉलेज आठवतं. हे वेगळे. मुंबईचा तरुण, पहिल्या महायुद्धात रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये वैमानिक होण्यासाठी धडपडलेला. भारतीयाला लढाऊ अधिकारी म्हणून राजाचं कमिशन मिळणं तेव्हा जवळजवळ अशक्य होतं. त्या काळात वैमानिक म्हणून लढलेल्या भारतीयांची नावं आज घेतली जातात ती चार: हरदित सिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरॉल चंदर सेन आणि वेलिंगकर. मलिक यांना आधी फ्रेंचांच्या रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालवावी लागली आणि ऑक्सफर्डमधल्या त्यांच्या शिक्षकाने पत्र लिहिल्यावर दार उघडलं. सेन जर्मनांच्या हाती लागले, पण जगले. रॉय यांनी जुलै 1918 मध्ये दोन आठवड्यांच्या आत दहा हवाई विजय मिळवले आणि त्याच महिन्याच्या 22 तारखेला ते पडले. वय एकोणीस. त्यांचं थडगं फ्रान्समध्ये एस्तेव्हेल गावी आहे, त्यावर बंगालीत मजकूर आहे, आणि आपल्याकडे 1998 मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीटही निघालं.

वेलिंगकर 23 नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन विमान उडवत. 27 जून 1918 ला ते गस्तीवर गेले आणि परतले नाहीत. त्यांचं विमान जर्मनांच्या बाजूला पडलं होतं. जखमी अवस्थेत ते जर्मनांच्या ताब्यात गेले आणि 30 जूनला वारले. जर्मनांनी त्यांना रीतसर पुरलं, खूणही लावली. पण नाव लिहिताना गोंधळ झाला. जर्मन नोंदीत उतरलं ते "ओबरलॉयटनंट एस. सी. वुमकर".

जरा विचार करा. इकडे मुंबईत घरी कळतं ते फक्त "बेपत्ता". तिकडे फ्रान्समध्ये एक थडगं आहे, त्यावर नाव आहे, हुद्दा आहे, सगळं आहे. फक्त त्या नावाचा माणूस जगात कधीच नव्हता. युद्ध संपल्यावर घरच्यांनी चौकशी लावून धरली आणि पुढे काही वर्षांनी हा वुमकर म्हणजेच आपला वेलिंगकर हे जुळलं. आज त्यांचं थडगं सोम भागातल्या हँगार्डच्या दफनभूमीत आहे, बरोबर नावाने.

माझ्या मते इथे खरं संशोधन घरच्यांनी केलं. कार्यालयाकडे दोन याद्या होत्या, एक बेपत्तांची आणि एक अनोळखी नावांची. दोन्ही आपापल्या जागी बरोबरच. त्या एकमेकींना भेटवल्या कुणी, तर ज्यांना उत्तर हवंच होतं त्यांनी. डब्ल्यू हे अक्षर दोन्हीकडे सारखं, शेवटचं "कर" सारखं, तारीख जवळपास, विमान तेच. आज आपण याला रेकॉर्ड लिंकेज म्हणतो आणि त्यासाठी पायथॉनची लायब्ररी वापरतो. तेव्हा ते टपालाने व्हायचं.

आता तुम्ही वेलिंगकरांना शोधायला बसलात तर किती ठिकाणी घसराल ते बघा. "भारतीय हवाई दल" निवडलंत तर ते नाहीत, कारण ते दल स्थापन झालं 8 ऑक्टोबर 1932 ला. "भारतीय सैन्य" निवडलंत तरी नाहीत. ते भरती झाले रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये, म्हणून ते निवडलंत तरी नाहीत, कारण 1 एप्रिल 1918 ला त्याचं रॉयल एअर फोर्स झालं आणि त्यांचा मृत्यू जूनमधला. आडनाव "व्ही"ने टाइप केलंत, किंवा आपल्या सवयीप्रमाणे मध्ये "जी" घातलात, तरी चुकाल. आमच्या सोसायटीच्या मतदार यादीत माझं आडनाव तीन प्रकारे आहे, तेव्हा जर्मन कारकुनाला फार बोलायला नको.

म्हणून माझी हल्लीची पद्धत सांगतो. आधी दफनभूमी निवडायची, मग दल, मग वर्षं. नाव सगळ्यात शेवटी. निकाल तक्त्यात उतरवून घ्यायचे आणि मग डोळ्यांनी वाचायचे. कंटाळवाणं आहे, पण यादी कुठे गप्प आहे हे वाचतानाच कळतं. तारखांचीही एक गंमत आहे. कमिशनच्या लेखी दुसरं महायुद्ध 31 डिसेंबर 1947 पर्यंत चालतं. त्यामुळे 1946 मध्ये साध्या तापाने गेलेला विमानदलाचा फिटरही "युद्धातला मृत" धरला जातो. "युद्धात किती हवाई सैनिक मेले" असा आकडा कुणी फेकला की आधी कुठल्या तारखेपर्यंत ते विचारा.

आणि गप्प जागा बऱ्याच आहेत. हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन होई, मग थडगं कुठलं? दुसऱ्या महायुद्धातल्या अविभाजित भारताच्या दलांमधल्या पंचवीस हजारांहून जास्त जणांची आठवण दिल्ली आणि कराचीच्या स्मारकांकडे सोपवलेली आहे. आग्नेय आशियात विमानासकट नाहीसे झालेले सिंगापूरच्या स्मारकावर, इंग्लंडहून उडून नाहीसे झालेले रनीमीडला. जागा नाही, फक्त ओळ. ती ओळ तरी सगळ्यांना मिळाली का? 2021 मध्ये कमिशनने स्वतःच अहवाल काढून कबूल केलं की पहिल्या महायुद्धानंतर आफ्रिका, आशियातल्या 45 ते 54 हजार मृतांची नोंद युरोपीय मृतांच्या बरोबरीने केली गेली नाही, आणि आणखी किमान 1,16,000 जणांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावाने नोंद झालीच नाही किंवा स्मारकच झालं नाही. "सर्वांना सारखी शिळा" हा नियम युरोपबाहेर गेल्यावर पातळ होत गेला. मला तो नियम अजूनही आवडतो. म्हणूनच हे आकडे जास्त लागतात.

नेवाळीला मी तीनदा जाऊन आलो. सीमेच्या बाहेरूनच, कारण जमीन नौदलाच्या ताब्यात आहे. शेतकऱ्यांचं म्हणणं, जमीन युद्धापुरती घेतली होती, युद्ध संपलं, आता परत द्या. नौदलाचं म्हणणं, ही संरक्षण खात्याची जमीन आहे. 22 जून 2017 ला तिथे मोठं आंदोलन पेटलं होतं, गाड्या जळल्या, मलंग रस्ता बंद पडला, तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. तिसऱ्या फेरीत टपरीवर एका आजोबांना मी काय शोधतोय ते सांगितलं. विमानवाले सैनिक, त्यांची थडगी, नावं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्यांची नावं लिवली ना कुनी तरी? आमच्या बापाचं नाव लिवलंय का कुठं, ते बघ जरा."

मी काही बोललो नाही. चहाचे पैसे त्यांनीच दिले.

त्या दिवसापासून माझ्या तक्त्यात एक रकाना वाढलाय: "नोंद कुणी केली". सैनिकांच्या ओळींपुढे तिथे कमिशनचं नाव येतं. नेवाळीच्या ओळीसाठी आता जुने सातबारा आणि भूसंपादनाचे कागद शोधायचे आहेत, आणि ते काम उपग्रहातून होत नाही. माझ्या प्रबंधात हे बसेल का, यावर मार्गदर्शकांशी अजून बोलणं चालू आहे. बसलं नाही तर परिशिष्टात टाकेन.

दरम्यान खडकीच्या हवाई दलाच्या शिळांचं काम अर्धवट राहिलंय. प्रत्येक शिळेवरचं नाव, हुद्दा, तारीख आणि तळाची ओळ जशीच्या तशी उतरवून यादीशी ताडून बघतोय. पुढच्या रविवारी परत चाललोय. कुणाला यायचं असेल तर कल्याणहून सकाळची पुण्याची गाडी पकडू. टोपी, पाणी आणि पेन्सिल आणा. उन्हात मोबाइलच्या स्क्रीनवर काही दिसत नाही, आणि तिरप्या प्रकाशात कोरलेली अक्षरं चांगली वाचता येतात, म्हणून दहाच्या आत पोचायला हवं.