‘कशावरून?’ शिकवणारा प्रयोग

१९७३ साली अमेरिकेत कोहेन आणि बॉयर यांनी तोडून जोडलेला डीएनए ई. कोलाय या जीवाणूत घालून दाखवला. यातून नवे रोगजंतू निपजतील का, ही शंका शास्त्रज्ञांनाच आली. हार्वर्ड विद्यापीठ ज्या केंब्रिज शहरात आहे, तिथल्या नगरपरिषदेने १९७६ मध्ये जास्त जोखमीचे असे प्रयोग थांबवले. सामान्य नागरिकांच्या समितीने काही महिने विषय समजून घेतला, आणि १९७७ मध्ये अटींसह परवानगी मिळाली.

१९८८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेने विद्यार्थ्यांसाठी डीएनए शिक्षण केंद्र उघडले. अशा केंद्रांत आता शाळकरी मुले ई. कोलायच्या निरुपद्रवी वाणात प्लाझमिड, म्हणजे डीएनएचे छोटे कडे, घालतात. त्यासाठी लागते कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण, बर्फ आणि ४२ अंश सेल्सिअसची थोडा वेळ ऊब. प्लाझमिडवर अँपिसिलिनला दाद न देणारे जनुक असते. त्यामुळे अँपिसिलिन घातलेल्या माध्यमावर ते घेतलेलेच जीवाणू वाढतात.

आपले लक्ष या वसाहतींकडे जाते. पण प्लाझमिड न दिलेल्या जीवाणूंची रिकामी पेट्री डिश शेजारी नसेल, तर त्यांनी काहीच सिद्ध होत नाही. केंब्रिजच्या नागरिकांना ‘कशावरून?’ असे विचारावे लागले होते. उद्या आपल्या विद्यार्थ्यांनाही लागेल. म्हणून ती रिकामी डिश त्यांना आधी दाखवावी.