तळाच्या फळीवरची रहस्यकथा

बुलडाणा जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या सार्वजनिक वाचनालयात कपाटाच्या अगदी तळाच्या फळीपाशी बसून बघा. वरच्या फळ्यांवर संतवाङ्मय, चरित्रे, ऐतिहासिक कादंबऱ्या ओळीने उभ्या असतात. तळाला असतात त्या रहस्यकथा. दोन-दोनदा बाइंडिंग झालेल्या, कोपरे झिजलेल्या, शेवटची पाने गळालेल्या. कुणा खोडकर वाचकाने पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहिलेले असते आणि त्याखाली दुसऱ्या कुणीतरी रागाने रेघोट्या ओढलेल्या असतात. देवघेवीच्या शिक्क्यांनी भरलेली इतकी पाने वरच्या फळ्यांवर क्वचितच सापडतील.

मराठी रहस्यकथेला घटना, कार्यकारिणी किंवा सुवर्णमहोत्सवी स्मरणिका कधी लाभली नाही. तरी शंभरावर वर्षे तिने जे काम केले ते एखाद्या संस्थेचेच आहे. तिने वाचक घडवले, त्यांना पुस्तक हातात धरायची सवय लावली आणि त्यांच्या वर्गणीवर कित्येक वाचनालयांचे दिवे चालू ठेवले. अशा संस्थेची वाटचाल कुणीतरी आस्थेने लिहायला हवी, म्हणून हा खटाटोप.

मूळ विलायती आहे यात शंका नाही. अमेरिकेतल्या एडगर ॲलन पो यांनी १८४१मध्ये द्युपाँ नावाच्या चतुर माणसाकडून पॅरिसमधल्या दोन खुनांचा उलगडा करवला आणि तिथून ही कथा सुरू झाली. विल्की कॉलिन्स यांची 'मूनस्टोन' ही कादंबरी १८६८ची. तिच्यातला हिरा सोमनाथचा. १७९९मध्ये श्रीरंगपट्टण पडले तेव्हाच्या लुटीत तो इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती लागतो. म्हणजे इंग्रजी रहस्यकथेच्या पायातच हिंदुस्थानातली एक चोरी आहे. पुढे १८८७मध्ये आर्थर कॉनन डॉयल यांचा शेरलॉक होम्स आला. १८९१पासून तो 'स्ट्रँड' मासिकातून घरोघरी पोहोचला. लेखकाने कंटाळून १८९३मध्ये त्याला धबधब्यात ढकलले, तेव्हा वाचकांनी मासिकाची वर्गणी बंद केली. अखेर १९०३मध्ये डॉयल यांना त्याला परत आणावे लागले. जिवंत माणसाच्याही वाट्याला न येणारे प्रेम या कल्पित माणसाला मिळाले.

मराठीत ही कथा रुजवण्याच्या कामी गोविंद नारायण दातारशास्त्री यांचे नाव आदराने घ्यावे लागते. रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांना त्यांनी मराठी रूप दिले आणि होम्सला 'चतुर माधवराव' करून मराठी पोशाखात उभे केले. पात्रांची नावे, घरे, नातीगोती सगळे बदलून ती गोष्ट इथलीच करायची, हे काम शब्दाला शब्द ठेवणाऱ्या भाषांतरापेक्षा अवघड असते. पुढे भालबा केळकरांनी होम्स त्याच्या स्वतःच्या नावाने मराठीत आणला. एकाच माणसाला आपण दोनदा घरात घेतले, एकदा नाव बदलून आणि एकदा पाहुणा म्हणून.

आपल्या वऱ्हाडात पुस्तके यायची वाट रेल्वेने मोकळी केली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७मध्ये नागपूरला पोहोचला. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही आपली स्थानके याच मार्गावर आहेत. कापसासाठी खामगावची शाखा १८७०मध्ये सुरू झाली. गाडी सरकी-रुई घेऊन जायची आणि येताना वर्तमानपत्रे, मासिके, पुस्तके आणायची. स्वतः बुलडाणा शहराला मात्र आजही रेल्वे नाही. घाट चढून एसटीनेच जावे लागते.

साहित्याच्या बाबतीत हा जिल्हा कोरडा कधीच नव्हता. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी जळगाव जामोदसारख्या गावी वकिली करत मराठी विनोदाचा पाया घातला. मेहकरचे ना. घ. देशपांडे हेही वकीलच. त्यांच्या 'खूणगाठी'ला १९८६चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दोघांचा अभिमान बाळगावा तेवढा थोडा. पण ज्या पुस्तकांनी गावोगावच्या माणसांना पहिल्यांदा वाचनालयाची पायरी चढायला लावली, त्यांना वाङ्मयाच्या इतिहासात दोन ओळीही मिळू नयेत, हे मला अन्यायाचे वाटते.

त्या पुस्तकांवरचे सर्वांत मोठे नाव बाबूराव अर्नाळकर. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, काळ १९०६ ते १९९६. चष्म्याचे दुकान चालवणाऱ्या या माणसाने हजारावर रहस्यकथा लिहिल्या. हजार हा आकडा उच्चारायला सोपा आहे. दर महिन्याला एक पुस्तक लिहिले तरी हजाराला त्र्याऐंशी वर्षे लागतात, म्हणजे बाबूरावांची लेखणी किती वेगाने चालली असेल याचा अंदाज करा. धनंजय आणि छोटू, झुंजार, काळा पहाड ही त्यांची माणसे एके काळी घरातल्या माणसांइतकी ओळखीची होती. खिशात मावेल एवढा आकार, रंगीत मुखपृष्ठ, स्वस्त कागद, एका बैठकीत संपणारी गोष्ट. जिनिंगमधला कामगार, एसटीचा कंडक्टर, शाळेतला शिपाई आणि तालुक्याचा डॉक्टर अशा सगळ्यांना परवडेल आणि समजेल असे ते पुस्तक होते. मोठ्या ग्रंथाकडे बघून ज्याला धाक वाटायचा, त्याला शंभर पानांचे हे पुस्तक आपले वाटले.

त्यांच्या मागून गुरुनाथ नाईक आले. मूळचे गोव्याचे, २०२१मध्ये निधन पावले. त्यांच्याही पुस्तकांची संख्या हजाराच्या पुढे गेली. पुण्याच्या सुहास शिरवळकरांनी फिरोज इराणी, मंदार पटवर्धन, दारा बुलंद आणि फौजदारी वकील अमर विश्वास यांच्या कथा लिहून तरुण वाचक ओढला. 'दुनियादारी'चे लेखक म्हणून आज त्यांना ओळखणाऱ्या मुलांना हे ठाऊक नसते. लहानांसाठी भा. रा. भागवतांनी फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजे फास्टर फेणे, घडवला. काडीसारखा बारीक, चौकस पोरगा स्वतःच्या डोक्याने गुन्हेगार पकडतो, ही गोष्ट खेड्यातल्या मुलांना किती बळ देऊन गेली हे त्या पिढीला विचारा. २०१७मध्ये त्याच्यावर चित्रपटही निघाला.

१९६७मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. वाचनालयांना मान्यता, वर्ग आणि अनुदान मिळू लागले. सोय मोठीच झाली. मात्र कपाटात काय असावे याचा विचार 'चांगले' आणि 'हलके' अशा दोन खान्यांत होऊ लागला, आणि रहस्यकथा हलक्याच्या खान्यात गेली. शिक्षक ती मुलांच्या हातून काढून घेत, घरी ती अभ्यासाच्या पुस्तकाआड लपवावी लागे. तरीही मागणी तिलाच. गंभीर पुस्तकांची खरेदी समिती करायची, आणि वर्गणीदार टिकवायचे काम तळाची फळी करायची.

ही कथा इतकी का टिकली? माझे उत्तर सरळ आहे. ती वाचकाला बरोबरीने वागवते. लंडनमध्ये १९३०मध्ये रहस्यकथाकारांनी 'डिटेक्शन क्लब' स्थापन केला. चेस्टरटन पहिले अध्यक्ष, डोरोथी सेयर्स आणि अगाथा ख्रिस्ती सभासद. सभासदांना शपथ घ्यावी लागे की गुप्तहेर दैवी साक्षात्काराने किंवा योगायोगाने गुन्हा उकलणार नाही आणि महत्त्वाचा धागा वाचकापासून लपवला जाणार नाही. म्हणजे पुरावा दोघांसमोर सारखाच. ज्याची बुद्धी चालेल तो जिंकेल. ख्रिस्तीबाईंच्या १९२६च्या रॉजर ॲक्रॉइडच्या खुनाच्या कादंबरीवर गहजब झाला तो याच मुद्द्यावर. शेवट कळल्यावर पुन्हा वाचली तर प्रत्येक धागा जागेवर सापडतो. हा कस लावला तर अर्नाळकर अनेकदा कमी पडतात, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्यांच्या कथेत वेषांतरे, भुयारे आणि ऐन वेळची सुटका जास्त, तर्क कमी. पण वाचकाला पान उलटायला लावण्याची त्यांची ताकद मोठी होती, आणि त्या सवयीतूनच पुढे होम्स वाचणारे लोक तयार झाले.

दुसरे कारण आपल्या मातीतले आहे. जुन्या गावगाड्यात चोरी झाली की जागल्या पावलांचा माग काढत निघायचा. माग शेजारच्या गावच्या शिवेत शिरला की पुढची जबाबदारी त्या गावची. मातीतल्या ठशावरून चोर लंगडत होता की ओझे घेऊन चालत होता हे सांगणारी माणसे आपल्या आजोबांनी पाहिली आहेत. त्यांना होम्सचे कसब परके कसे वाटेल? आणि बांधाच्या वादापायी वर्षानुवर्षे कोर्टाच्या तारखा करणाऱ्या माणसाला, शंभर पानांत खरे काय ते कळते आणि दोषी सापडतो, या गोष्टीत केवढा दिलासा असेल! त्याला पळपुटेपणा म्हणणाऱ्यांनी कधी अशा तारखा केलेल्या नसाव्यात.

जिल्ह्यातली सर्वांत मोठी रहस्यकथा मात्र कुणा लेखकाने लिहिलेली नाही. ती लोणारला आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा वाटोळा खड्डा, तळाशी खारे पाणी. लोकांनी लवणासुराची कथा सांगितली. इंग्रज अधिकारी अलेक्झांडर याने १८२३मध्ये त्याची नोंद केली आणि पुढे शास्त्रज्ञांत वाद पेटला. पहिला संशयित होता ज्वालामुखी, आणि ते साहजिकच होते. सगळे दख्खनचे पठार लाव्हाचेच. पण या संशयिताकडे भक्कम बचाव होता. दख्खनचा लाव्हा थंड होऊन साडेसहा कोटी वर्षे उलटली, आणि हे विवर त्या मानाने काल-परवाचे. अमेरिकन भूवैज्ञानिक गिल्बर्ट यांनी १८९६मध्ये ॲरिझोनातल्या विवराशी त्याचे साम्य दाखवले. निर्णायक पुरावा मिळायला १९७३ उजाडले. तळात खोल छिद्रे घेऊन काढलेल्या दगडांत मॅस्केलिनाइट सापडले. हे काच झालेले खनिज प्रचंड आघाताशिवाय तयार होत नाही. गुन्हेगार आकाशातून आला होता. त्याच्या वयाचा तपास अजून चालू आहे. एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे येतात, तर नंतरच्या मोजणीने ५ लाख ७० हजारांच्या आसपास. जून २०२०मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा अफवांना ऊत आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवले. शाळेच्या सहली लोणारला जातात तेव्हा मुलांना हा तपास टप्प्याटप्प्याने सांगावा. विज्ञान कसे चालते हे त्यांना त्यातून पाठ्यपुस्तकापेक्षा लवकर समजेल.

घरोघरी दूरदर्शन आले तसे पॉकेटबुकांचे दिवस ओसरले. १९८५च्या 'करमचंद'ने आणि १९९३च्या 'ब्योमकेश बक्षी'ने तीच भूक पडद्यावर भागवली. १९९८मध्ये सुरू झालेल्या 'सीआयडी'तल्या शिवाजी साटमांना ओळखत नाही असे घर सापडणे कठीण. भाड्याने पुस्तके देणारी दुकाने मिटली, रहस्यकथा रद्दीत गेल्या. गेल्या काही वर्षांत मात्र वारा पुन्हा फिरला आहे. अशोक जैन यांनी मराठीत आणलेला सत्यजित राय यांचा फेलूदा मुले आवडीने वाचतात. अगाथा ख्रिस्ती मराठीत मिळतात. मोबाइलवर कथा ऐकणाऱ्यांतही रहस्यकथेचा चाहता मोठा आहे. माध्यम बदलले, पण कुणी केले, कसे केले आणि का केले, हे विचारणारा माणूस तोच आहे.

खंत आहे ती जुन्या पुस्तकांची. स्वस्त कागद आता तुकडे पडण्याच्या अवस्थेत आहे आणि कित्येक कथांच्या मोजक्याच प्रती उरल्या असतील. वाचनालये दरवर्षी जीर्ण पुस्तके बाद करतात तेव्हा पहिली कुऱ्हाड तळाच्या फळीवर पडते. जिल्ह्यातल्या ग्रंथपालांना आणि संचालक मंडळांना माझी विनंती आहे की अर्नाळकर, नाईक, शिरवळकर, दातारशास्त्री यांची पुस्तके बाद करण्यापूर्वी त्यांची वेगळी यादी करा, शक्य तेवढी स्कॅन करून ठेवा. आणि वाचकांनो, तुमच्या माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत अशी पुस्तके पडली असतील तर ती रद्दीवाल्याला किलोवर देऊ नका. जवळच्या वाचनालयात नेऊन द्या. शेवटचे पान नसले तरी चालेल. दुसऱ्या कुणाकडच्या प्रतीत ते नक्की असेल.