गंजाचं चिलखत

गेल्या हिवाळ्यात आमच्या पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार साहेब दिल्लीला आले, तेव्हा त्यांना मेहरौलीचा लोहस्तंभ दाखवायला नेलं. सात मीटरहून उंच, वजन सहा टनांवर. त्यांनी विचारलं, "साहेब, याला रंग कोण देतं?"

कोणीच नाही. सुमारे 1600 वर्षं तो तसाच उभा आहे. त्यावरच्या लेखातला 'चंद्र' राजा म्हणजे दुसरा चंद्रगुप्त, असं बहुतेक इतिहासकार मानतात. कोळशाच्या भट्टीत, चुना न घालता गाळलेल्या या लोखंडात फॉस्फरस भरपूर राहिला. आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवलं की त्यामुळेच पृष्ठभागावर गंजाचा पातळ, घट्ट थर बसला आणि त्यानेच आतलं लोखंड राखलं.

1933 मध्ये अमेरिकेत यू. एस. स्टीलने 'कॉर-टेन' पोलाद बाजारात आणलं, ते मुख्यतः रेल्वेच्या वाघिणींसाठी. त्यात तांबं, क्रोमियम आणि फॉस्फरस. तत्त्व तेच: गंजच चिलखत होतो. अट एकच, पोलाद भिजावं आणि लवकर वाळावं. उष्णतेने गंजण्याचा वेग वाढतो, पण ओल उडूनही जाते. रात्री धातू दवबिंदूखाली थंड झाला की दव धरतं. दिल्लीचं ऊन ते सकाळीच वाळवतं.

हे अर्धवट वाचून मीही एकदा फसलो. किनाऱ्यावरच्या एका ठाण्यात पाण्याच्या टाकीचा सांगाडा या पोलादाचा, बिनरंगाचा उभारायला मी मंजुरी दिली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पापुद्रे सुटू लागले. एक दिवस वर चढणाऱ्या जवानाच्या पायाखालची पायरी तुटली. कमरेला दोर होता म्हणून निभावलं. होनोलुलूच्या अलोहा स्टेडियमबद्दल मी नंतर वाचलं. 1975 मध्ये उघडलेल्या त्या स्टेडियमचं कॉर-टेन खाऱ्या, दमट वाऱ्यात गंजतच राहिलं आणि दुरुस्तीवर प्रचंड खर्च झाला. ऊन तिथेही होतं. पण मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, थर घट्ट होऊच देत नाही.

पुढे लडाखला गेलो, तर तिथे उलटा धडा मिळाला. पाणीच गोठल्यावर गंज जवळजवळ थांबतो. मात्र ज्या फॉस्फरसने दिल्लीचा स्तंभ वाचवला, तोच कडाक्याच्या थंडीत पोलाद ठिसूळ करतो. म्हणून पुलांच्या जाड पोलादात फॉस्फरस मुद्दाम कमी ठेवतात. तिथे पूल तपासताना आम्ही गंजापेक्षा वेल्डिंगजवळच्या बारीक चिरा शोधायचो.

हे सगळं ऐकून सुभेदार साहेबांनी पुन्हा स्तंभाकडे पाहिलं. "म्हणजे साहेब, याची पोस्टिंग चांगली लागली!"

मी हसलो, पण त्या जवानाचा चेहरा डोळ्यांसमोर होता. आता कुठल्याही बांधकामाच्या कागदावर सही करण्याआधी मी पहिलं विचारतो: हे उभं कुठे राहणार आहे?