रिसीव्हर विचारतो ते प्रश्न

होम थिएटरचा रिसीव्हर पहिल्यांदा सुरू केला की आवाज देण्याआधी तो चौकशी करतो. मधला स्पीकर आहे का? मागचे स्पीकर किती अंतरावर? पुढचे मोठे की लहान? सबवूफर जोडलाय का? वायरी जोडून दमलेला माणूस बहुतेक वेळा ‘ओके, ओके’ दाबत पुढे सरकतो. या प्रश्नांमागे मात्र नव्वद वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि त्यातला सर्वांत जुना वाद मधल्या स्पीकरचा आहे.

२७ एप्रिल १९३३ रोजी वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये श्रोते मैफलीला जमले, पण मंचावर एकही वादक नव्हता. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा सुमारे दोनशे किलोमीटरवर, आपल्याच शहरात वाजवत होता आणि अलेक्झांडर स्मॉलेन्स त्याचं संचालन करत होते. वाद्यवृंदाचे मुख्य संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की वॉशिंग्टनमध्ये आवाजाच्या नियंत्रकांपाशी बसले होते. बेल लॅबोरेटरीजच्या अभियंत्यांनी तीन मायक्रोफोनचा आवाज तीन स्वतंत्र टेलिफोन वाहिन्यांवरून आणून मंचावर डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे सोडला. तीन का? रुंद सभागृहात दोनच वाहिन्या ठेवल्या, तर कडेला बसलेल्या माणसाला सगळा आवाज जवळच्या स्पीकरमधून आल्यासारखा वाटतो. मध्ये तिसरा स्पीकर असला की मधला आवाज कुठूनही ऐकला तरी मध्येच राहतो.

याच सुमारास इंग्लंडमध्ये ईएमआय कंपनीचे ॲलन ब्लुमलाइन दुसऱ्या वाटेने निघाले होते. डिसेंबर १९३१ मध्ये त्यांनी दाखल केलेल्या पेटंटात दोन वाहिन्यांच्या स्टीरिओची जवळजवळ पूर्ण मांडणी होती. तबकडीच्या एकाच खाचेत डावा आणि उजवा असे दोन्ही आवाज कोरण्याची युक्तीही त्यात होती. ब्लुमलाइन १९४२ मध्ये रडारच्या चाचणीदरम्यान विमान अपघातात गेले. वय अवघं ३८. स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या १९५८ च्या सुमारास. तबकडीच्या खाचेला दोन भिंती, म्हणून वाहिन्याही दोन. अशा रीतीने घराच्या वाट्याला दोन स्पीकर आले आणि चित्रपटगृहांनी तिसरा सोडला नाही. पुढची तीस वर्षं या दोन परंपरा वेगवेगळ्या वाढल्या. आजचा रिसीव्हर म्हणजे त्यांना एकत्र आणण्याचा दीर्घ खटाटोप.

चित्रपटगृहांची बाजू डोळे दिपवणारी होती. नोव्हेंबर १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरमध्ये वॉल्ट डिस्नेचा ‘फँटेशिया’ लागला. त्याच्या संगीताचे संचालकही स्टोकोव्स्कीच. त्यासाठी उभारलेल्या ‘फँटासाउंड’मध्ये आवाजाच्या तीन पट्ट्या वेगळ्या फिल्मवर होत्या, आणि कुठला स्पीकर कधी किती वाजेल हे सांगणारी चौथी. एका थिएटरच्या यंत्रणेचा खर्च ८५ हजार डॉलरच्या घरात जाई. त्या किमतीपुढे आणि युद्धाच्या टंचाईपुढे ही कल्पना टिकली नाही. पण १९५२ मध्ये ‘सिनेरामा’ सात पट्ट्यांचा आवाज घेऊन आला, आणि पुढच्याच वर्षी सिनेमास्कोपच्या ‘द रोब’ने चार पट्ट्या आणल्या: पडद्यामागे तीन, चौथी प्रेक्षकांच्या भोवती. टीव्हीपुढे बसलेल्या अमेरिकेला थिएटरात परत आणायचं, हा त्यामागचा सरळ हिशेब होता.

मुंबईने हा अनुभव ‘शोले’मध्ये घेतला. १५ ऑगस्ट १९७५ ला प्रदर्शित झालेला हा चित्रपट ७० मिलिमीटर आणि सहा पट्ट्यांच्या स्टीरिओफोनिक आवाजात मिनर्व्हा थिएटरात पाच वर्षं चालला. जयने उडवलेलं नाणं आपल्याच खुर्चीखाली पडलं असं वाटून लोक खाली वाकून पाहायचे, ही आठवण त्या पिढीच्या तोंडून अजून ऐकायला मिळते. मिनर्व्हा होतं लॅमिंग्टन रोडवर, आणि हाच रस्ता मुंबईकरांचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. ट्रान्झिस्टर, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरचे कोन विकत घेऊन घरी ॲम्प्लिफायर बांधणाऱ्या हौशी माणसांना थिएटरातला आवाज आणि त्याचे सुटे भाग एकाच रस्त्यावर मिळत होते.

घरचा रिसीव्हर तोवर साधा होता. रेडिओचा ट्यूनर आणि ॲम्प्लिफायर एकाच पेटीत घालणाऱ्या पहिल्या कंपन्यांपैकी एक हरमन कार्डन; तिचा ‘फेस्टिव्हल’ १९५४ चा. जोडणी दोन मिनिटांची, आणि समजावून सांगण्यासारखं फारसं काही नाही. गुंतागुंत सुरू झाली सत्तरच्या दशकात, चार स्पीकरच्या क्वाड्राफोनिक लाटेबरोबर. सीबीएसची एसक्यू, सान्सुईची क्यूएस, जेव्हीसीची सीडी-४ अशा पद्धती आल्या आणि एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रावर नीट उलगडेना. ग्राहक कंटाळले आणि दशक सरायच्या आत हा धंदा बसला. कंपन्यांच्या हट्टापायी चांगली कल्पना मातीत गेल्याचं हे ठळक उदाहरण आहे.

तरी एक गोष्ट उरली. पीटर शायबर या ‘बसून’ नावाच्या सुषिरवाद्याच्या वादकाने चार वाहिन्या दोन वाहिन्यांत दुमडून पुन्हा उलगडण्याचं गणित मांडलं होतं, आणि त्याच जातीचं गणित डॉल्बीच्या कामी आलं. रे डॉल्बी १९६३ ते १९६५ संयुक्त राष्ट्रांचे सल्लागार म्हणून भारतात होते. इथून लंडनला जाऊन त्यांनी कंपनी काढली. १९७५ च्या डॉल्बी स्टीरिओमध्ये फिल्मवर दोनच पट्ट्या, पण त्यातून डावा, मधला, उजवा आणि मागचा असे चार आवाज निघत. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ने ही पद्धत जगभर नेली.

आणि इथेच घराचं दार उघडलं. चित्रपटाची व्हिडिओ कॅसेट स्टीरिओत निघाली की दुमडलेले चारही आवाज त्या दोन वाहिन्यांतून आपोआप घरी येत. फक्त उलगडणारं यंत्र हवं होतं. १९८२ च्या डॉल्बी सराउंडने मागचा आवाज बाहेर काढला. मधला मात्र १९८७ च्या प्रो लॉजिकपर्यंत थांबला. कॉन्स्टिट्यूशन हॉलमधला तिसरा स्पीकर बैठकीच्या खोलीत पोहोचायला ५४ वर्षं लागली.

रिसीव्हर प्रश्न विचारू लागला तो या काळात. उलगडण्यात थोडी गळती व्हायची आणि पडद्यावरच्या माणसाचे शब्द मागच्या स्पीकरमधूनही पुसट ऐकू यायचे. उपाय सापडला हेल्मुट हास यांच्या १९४९ च्या संशोधनात. एकच आवाज दोन ठिकाणांहून काही मिलिसेकंदांच्या फरकाने आला, तर कान दिशा ठरवतो ती आधी पोहोचलेल्या आवाजावरून. म्हणून मागचा आवाज १५ ते ३० मिलिसेकंद उशिरा सोडायचा. किती उशिरा, ते बैठकीपासूनच्या अंतरावर ठरणार. आवाजाला एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. मेनूतला अंतराचा रकाना आला तो असा. स्पीकरमधून पाळीपाळीने ‘खऽऽऽऽ’ असा चाचणीचा आवाज येई, आणि माणूस सोफ्यावर बसून रिमोटने प्रत्येकाची पातळी सारखी करी. चोखंदळ लोक हातात आवाज मोजायचं मीटर धरत आणि आकडा ७५ डेसिबलवर आणत.

‘मोठा की लहान’ या प्रश्नाचा धनी टॉमलिन्सन होल्मन. जॉर्ज लुकासच्या कंपनीत त्यांनी चित्रपटगृहांसाठी टीएचएक्स हे मानक उभं केलं. १९८३ च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’बरोबर ते लोकांसमोर आलं. घरासाठी त्याच मानकाने ८० हर्ट्झची सीमा आखली. त्याखालचा घुमार कुठल्या दिशेने येतो हे कानाला सहसा कळत नाही, तेव्हा तो सबवूफरकडे द्यावा आणि बाकीच्या स्पीकरचा भार हलका करावा. ‘लहान’ म्हणजे एवढंच. स्पीकरच्या उंचीचा त्याच्याशी संबंध नाही. पाच पूर्ण वाहिन्या आणि खर्जाची एक छोटी, याला ‘फाइव्ह पॉइंट वन’ हे नाव १९८७ मध्ये सुचवलं तेही होल्मन यांनीच. ते चित्रपटगृहांत रुळलं १९९२ च्या डॉल्बी डिजिटलने, आणि घरी लेझरडिस्क व डीव्हीडीतून.

आवाजाची पट्टी उणे आकड्यांत का, हेही लोक विचारतात. मांडणी नीट केलेली असेल तर तिथलं शून्य म्हणजे चित्रपट मिक्स करणाऱ्याने ठरवलेली थिएटरची पातळी. उणे २० म्हणजे त्याहून २० डेसिबल खाली. फ्लॅटमध्ये रात्री एवढा पुष्कळ होतो.

शतक बदललं तसं मोजमापाचं काम यंत्राने हाती घेतलं. होल्मन जिच्या संस्थापकांपैकी एक, ती ऑडिसी कंपनी २००२ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधनातून निघाली. यामाहा आणि पायोनियर यांनीही आपापल्या पद्धती आणल्या. डब्यात एक छोटा मायक्रोफोन येऊ लागला, आणि अंतर, पातळी, खोलीचा घुमार हे सगळं यंत्रच तपासू लागलं. २००२ मध्येच ठरलेल्या, चित्र आणि आवाज एकाच वायरीतून नेणाऱ्या एचडीएमआयने मागच्या पाटीवरचं वायरींचं जंगलही साफ केलं. २०१४ पासून डॉल्बीच्या ॲटमॉस पद्धतीच्या रिसीव्हरनी छताकडेही स्पीकर मागायला सुरुवात केली.

हे सगळं फुकट जातं ते ‘ओके, ओके’मुळे. घरी असा रिसीव्हर असेल तर एखाद्या दुपारी पंखा बंद करा, मायक्रोफोन नेहमी बसण्याच्या जागी कानाच्या उंचीवर स्टँडवर ठेवा आणि चाचणी पूर्ण होऊ द्या. मग मेनूत जाऊन बघा: यंत्राने लिहिलेली अंतरं टेपने मोजून ताडून पाहा, पुढचे स्पीकर ‘मोठे’ नोंदले असतील तर ‘लहान’ करा आणि सीमा ८० हर्ट्झवर ठेवा. सबवूफरचं अंतर जास्त दिसलं तर ते बदलू नका. त्याच्या आतल्या सर्किटमुळे होणारा उशीर यंत्राने त्यात धरलेला असतो.